जात्यापासून वहीपर्यंत

‘साठी बुद्धी नाठी’ असें म्हणून जुन्या पिढीनें ज्या दुःखाचा निकाल लावला, त्या स्मृतिभ्रंशाला रोगाची प्रतिष्ठा मिळाली ती फार उशिरां. १९०६ सालीं ट्युबिंगेन येथें आलॉइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें फ्रांकफुर्टच्या एका स्त्रीची हकीकत विद्वत्सभेपुढें मांडली. वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षीं ती रुग्णालयांत आली होती. स्वतःचें नांव लिहावयास सांगितलें, तर तें तिला पुरतें लिहितां येईना. वैद्यकाच्या इतिहासांत ही बाई अमर झाली. तिच्या नवऱ्याची आठवण क्वचितच कोणी काढतो.

अशा रोग्याची शुश्रूषा करणारांचें दुःख चमत्कारिक असतें. ज्याच्याजवळ मन मोकळें करावयाचें, तेंच माणूस समोर बसून ‘तूं कोण?’ असें विचारतें. शेजारीं बोलावें, तर घरची गोष्ट चव्हाट्यावर येते. जुन्या वऱ्हाडांत मनाच्या कोंडमाऱ्याला एक वाट होती. अकोला-अमरावतीकडच्या खेड्यांतून पहाटे जातें फिरूं लागलें, कीं ओवी सुरू होई. सासुरवास, माहेरची ओढ, अंगावर पडलेलें काम, सारें त्या दगडाला सांगितलें जाई. जातें उत्तर देत नाहीं, आणि चहाडीही करीत नाहीं. पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांचे कष्ट वांचले, हें इष्टच झालें. पण तो श्रोताही गेला.

मनांतलें बाहेर काढल्यानें देहाला उतार पडतो काय, याची शास्त्रीय पारख पुढें अमेरिकेंत झाली. १९८६ सालीं जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनीं विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटें, जिव्हारीं लागलेल्या प्रसंगांविषयीं लिहावयास लावलें. लिहितांना मनें खिन्न झालीं. परंतु ज्यांनीं प्रसंग व भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. २००७ सालच्या एका अभ्यासांत हाच उपाय वृद्ध आप्तांची सेवा करणाऱ्या कुटुंबीयांवर करून पाहिला, तेव्हां निकाल अपेक्षेच्या उलट आला. दुःख लिहिणारांना विशेष गुण आला नाहीं. आपल्या वेळेची मांडणी लिहिणारांची प्रकृति मात्र सुधारली.

कापसाच्या मुलखाला याचें फारसें नवल वाटूं नये. या प्रांतांत कापूस व धान्याच्या बाजारांसाठीं १८९७ सालींच कायदा झाला. रोजकीर्द पुरी झाल्यावांचून झोंप येत नाहीं, हें येथल्या पेढीवरच्या मुनिमाला कोणी शिकवावें लागलें नसेल. घरांतल्या बाईची रोजकीर्द तेवढी कोणी ठेविली नाहीं. तिच्या वहींत काय यावयाचें? रात्रीं तीनदां उठणें. भर दुपारीं सासरे रेल्वेच्या फाटकाकडे निघाले म्हणून धांवत जाणें. जेवूनही ‘जेवलोंच नाहीं’ ही तक्रार. आणि ओवींत जिरला असता तो राग. जमेच्या बाजूला, एखाद्या गुरुवारीं नणंद येऊन दोन तास बसली, एवढेंच. महिनाअखेर वही उघडली, कीं नणंदेला आणखी कोणत्या वारीं बोलवावें, तें त्याच पानांत दिसतें.