जुन्या घरांच्या खिडक्या



ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाचा इतिहास यावा, आजवरच्या धर्मगुरूंची नामावली यावी, हें योग्यच आहे. आम्ही मात्र या प्रसंगीं एका लहान गोष्टीविषयीं लिहिणार आहों. ती म्हणजे जुन्या घराची खिडकी. उत्सव जवळ आला कीं घरोघर डागडुजी सुरू होते, आणि पुष्कळ ठिकाणीं पहिला घाव जुन्या लांकडी खिडकीवर पडतो.

आरंभींच एक कबुली देतों. पूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना तेथील निवासाच्या सागवानी झडपा काढून कांचेच्या सरकत्या खिडक्या बसविण्यास आम्हींच संमति दिली होती. पहिल्याच पावसाळ्यांत चूक कळून आली. सरकत्या खिडकीचा अर्धा भाग नेहमीं झांकलेलाच राहतो. पाऊस आला कीं उरलेला अर्धाहि लावून घ्यावा लागतो. जुन्या झडपेच्या तिरप्या पट्ट्यांतून मात्र भर पावसांतहि वारा आंत येत असे आणि पाणी बाहेरच राही. परंतु तोंवर त्या झडपा जळणांत गेल्या होत्या.

खिडकीचें मोल मावळच्या माणसाला दुसऱ्यानें सांगावयास नको. घोरावाडीजवळच्या घोरवडेश्वराच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंचीं लेणीं आहेत. लोणावळ्याच्या बाजूस कार्ले व भाजें येथें तर त्याहून थोर लेणीं आहेत. कार्ल्याचें चैत्यगृह सुमारें १२४ फूट खोल आहे, आणि एवढ्या खोल दालनांत उजेड पोंचविण्याचें मुख्य काम दर्शनी भिंतींतील घोड्याच्या नालाच्या आकाराचें एक मोठें गवाक्ष करतें. त्याच चैत्यगृहाच्या छताखालीं बसविलेल्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. उलट भाज्याच्या चैत्यगृहाची दर्शनी बाजू लांकडी होती, ती पार नाहींशी झाली, आणि आज तें दालन समोरून उघडें पडलें आहे. लांकूड टिकतें तेंहि येथेंच दिसतें, आणि जातें तेंहि येथेंच दिसतें.

आतां माणसांच्या राहत्या घरांकडे वळूं. आपल्यांतील पुष्कळांचे नातलग मुंबईंत आहेत. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाल्यापासून हें येणें-जाणें चालूच आहे. त्यांच्यापैकीं कोणी गिरगांवांतील खोताची वाडी पाहिली असेल. पाठारे प्रभु समाजांतील दादोबा वामन खोत यांच्या नांवानें ती ओळखली जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास वसलेल्या या वाडींतील जमिनीचे तुकडे पुढें ईस्ट इंडियन कॅथलिक कुटुंबांनीं घेतले व तेथें घरें बांधलीं. ईस्ट इंडियन म्हणजे उत्तर कोंकणांतील आपलेच मराठी बोलणारे धर्मबांधव. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, त्यांनीं हें नांव धारण करून आपली संस्था स्थापन केली.

त्या घरांची ठेवण सारखी आहे. उतरतें कौलारू छप्पर, पुढें लांकडी व्हरांडा, माडीवर जाणारा बाहेरचा जिना, आणि रुंद लांकडी खिडक्या. गल्ली अरुंद असल्यामुळें खिडकींतील माणूस वाटसरूशीं सहज बोलूं शकतो. अशी खिडकी त्या कुटुंबाची असते, तशीच ती साऱ्या गल्लीचीहि असते. या दुहेरी मालकींतच पुढील सर्व वादाचें मूळ आहे.

वाडींत एके काळीं ६५ घरें होतीं असें सांगतात. आज तिसाच्याहि आंत उरलीं आहेत, आणि गेलेल्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशी पडझड थांबावी म्हणून १९९५ सालीं मुंबईसाठीं वारसा-नियम मंजूर झाले. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या, कांहीं वस्त्या वारसा-परिसर म्हणून नोंदल्या गेल्या आणि त्यांत खोताच्या वाडीचाहि समावेश झाला. नोंदलेल्या इमारतीची दुरुस्ती, रंगकाम अथवा तिच्या विशेष अंगांची अदलाबदल महापालिका-आयुक्तांच्या लेखी पूर्वपरवानगीवांचून करतां येणार नाहीं, आणि आयुक्तांनीं याबाबत वारसा-संवर्धन समितीचा सल्ला घ्यावा, असा तो नियम होता. घराचें रूप ठरविणारी लांकडी खिडकी अशा विशेष अंगांतच येणार, हें उघड आहे. २०१८ सालीं मुंबईला नवी विकास-नियमावली मिळाली, तरी वारसा-रक्षणाचें तत्त्व तींत कायम राहिलें.

असे नियम आपल्याच देशांत आहेत असें नव्हे. अमेरिकेंतील चार्ल्सटन शहरानें १९३१ सालींच जुन्या वस्तीसाठीं कायदा करून घरांच्या बाह्य रूपांतील बदल तपासण्यासाठीं मंडळ नेमलें. शिवाय त्या देशांत शेजाऱ्यांच्या मंडळांचेहि निराळे नियम पुष्कळ वस्त्यांत असतात, त्यामुळें एका खिडकीसाठीं दोन दारें ठोठावावीं लागतात.

आपल्या मावळांतहि कायदा आहे. १९५८ सालच्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० सालीं जी सुधारणा झाली, तिच्या अन्वयें केंद्र सरकारनें संरक्षिलेल्या स्मारकापासून निदान १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आहे, आणि त्यापुढील निदान २०० मीटरपर्यंत तें परवानगीनेंच करावें लागतें. निषिद्ध पट्ट्यांत १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराच्या मालकाला दुरुस्ती करावयाची झाल्यास सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज पुढें राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो, आणि प्राधिकरणानें दोन महिन्यांत आपलें मत कळवावें असें कायद्यांत म्हटलें आहे. कार्ले, भाजें अथवा लोहगड यांच्या अगदीं निकट ज्यांचें घर असेल, त्यांनीं हातोडा उचलण्यापूर्वीं चौकशी करावी हें बरें.

नियमांची ही बाजू झाली. परंतु त्या खिडकीमागें राहणाऱ्या कुटुंबाचीहि बाजू आहे, आणि न्यायासाठीं ती सांगितलीच पाहिजे. एखादी वृद्ध विधवा जुन्या घरांत एकटीच राहते. चौकट खालून कुजली आहे, पाऊस तोंडावर आला आहे. सागवान महाग, जुन्या रीतीची झडप करणारा सुतार दुर्मिळ, आणि परवानगीला वेळ लागणार. कांचेची खिडकी मात्र दोन दिवसांत बसते. अशा वेळीं तिला केवळ नियम दाखविणें म्हणजे, जें सर्वांना पाहावयास आवडतें त्याचा खर्च तिनें एकटीनें सोसावा असें म्हणणें होय. आम्हांला हें नीतीला धरून वाटत नाहीं. ज्याला घर राखणें झेपत नाहीं तो शेवटीं तें विकून मोकळा होतो. मग खिडकीहि जाते आणि घरहि जातें. मुंबईच्या नियमकर्त्यांनाहि ही अडचण दिसली असावी; कारण दुरुस्तीच्या मदतीसाठीं वेगळा निधी उभारतां येईल अशी सोय त्यांनीं १९९५ च्या नियमांत ठेविली होती.

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जुन्या खिडकीचें रूप ही साऱ्या वस्तीची ठेव असेल, तर तिचा भारहि साऱ्या वस्तीनें वाटून घ्यावा. नियम करणाऱ्या मंडळानें “हें करूं नका” एवढेंच सांगून थांबूं नये. “हें करण्यास आम्ही येतों” असेंहि म्हणावें. आणि घरमालकानेंहि परवानगी म्हणजे अपमान असें समजूं नये.

पुष्कळदां सबंध खिडकी बदलण्याची गरजहि नसते. चौकट बहुधा खालच्या बाजूस कुजते, कारण पाणी तेथें सांचतें. टोकदार हत्यारानें टोंचून पाहिलें कीं कुजका भाग कोठवर आहे तें कळतें. तेवढाच कापून काढावा, त्याच जातीच्या वाळलेल्या लांकडाचा सांधा द्यावा, बिजागऱ्या व कड्या पुसून पुन्हा लावाव्या आणि अळशीच्या तेलाचा हात द्यावा. सगळीच चौकट गेली असेल, तर नवी करतांना माप, तावदानांची विभागणी व झडपांच्या पट्ट्या जुन्याप्रमाणेंच ठेवाव्या. काम सुरू करण्यापूर्वीं छायाचित्र व मापें घेऊन ठेवावीं. परवानगी मागतांना तींच उपयोगीं पडतात.

ज्युबिलीनिमित्त आपण सर्वजण कांहीं ना कांहीं देणगी देणारच आहां. तींतील थोडा अंश बाजूस ठेवून, ज्यांना आपल्या जुन्या घराची दुरुस्ती परवडत नाहीं त्यांना मदत करावी, आणि आपल्यांतील सुतारकाम जाणणाऱ्यांनीं वर्षांतून कांहीं दिवस त्या कामाला द्यावे, अशी आमची सूचना आहे. आपल्या प्रभूला ज्यानें लहानाचें मोठें केलें, तो संत योसेफ सुतारच होता. त्याच्या भक्तांना हें काम हलकें वाटूं नये. आम्हीं ज्या झडपा जळणांत जाऊं दिल्या त्या परत येणार नाहींत. तुमच्या अजून भिंतींत आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वीं त्या एकदां उघडून, नीट पाहून घ्याव्या, एवढीच विनंति.