विश्रांति कीं हालचाल?

बदलापूरच्या स्थानकावर गाडी गांठतांना कोणाचा घोटा मुरगळला, तर घरीं पहिला उपचार आंबेहळदीच्या लेपाचा आणि पहिला उपदेश ‘पाय हलवूं नकोस’ हा असतो. या उपदेशामागें मोठा इतिहास आहे.

सूज हा रोग नव्हे, शरीराच्या दुरुस्तीचाच तो आरंभ होय, असें मत जॉन हंटर यांनीं १७९४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडलें. पुढील शतकांत लिव्हरपूलचे ह्यू ओवेन टॉमस दुखावलेल्या सांध्यास अखंड विश्रांति द्या म्हणत, तर पॅरिसचे ल्युका-शांपिओन्येर मर्दनाचा व लवकर हालचालीचा पुरस्कार करीत.

आजच्या ज्ञानानें पाहतां दोघेही आपापल्या वेळीं खरे ठरतात. पहिले कांहीं दिवस सुजेचे, तेव्हां जपावें. नंतरच्या आठवड्यांत नवे तंतु विणले जातात, पण अस्ताव्यस्त. पुढें कित्येक महिने ते ताणाच्या दिशेनें रचले जातात, आणि बेताच्या व्यायामावांचून ही रचना कच्ची राहते.

मुंबईस हाजीअलीजवळ १९५५ मध्यें भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था निघाली, आणि व्यायामास उपचाराचा मान मिळाला. घरांत मात्र सूज ओसरली कीं आपण व्यायाम सोडतों, आणि तोच घोटा पुन्हां मुरगळतो. रोज उभ्यानें मुंबई गांठणाऱ्या अंबरनाथ-उल्हासनगरच्या नोकरदारास हें परवडणारें नाहीं. हाड मोडलें नसल्याची खात्री करून, जाणत्याच्या सल्ल्यानें, त्यानें पावलें मोजून कां होईना, चालूं लागावें.