लातूरचा वकील आणि कायद्याचे राज्य

कासीम रझवी पेशाने वकील होता. मुक्तिसंग्रामावरील व्याख्यानांतून रझाकारांचा म्होरक्या म्हणून त्याचे नाव हटकून निघते. परंतु तो लातुरास वकिली करीत असे, याचा उल्लेख क्वचितच होतो. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे निम्मे आयुष्य कोर्टाच्या व्हरांड्यात जाते. त्यामुळे आम्हांला ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. कायदा शिकलेला मनुष्य कायदा पायदळी तुडविणाऱ्यांचा पुढारी कसा होतो?

उत्तराचा एक भाग निजामी राज्याच्या घडणीत सापडतो. ते राज्य म्हणजे निव्वळ बेबंदशाही होती, असे म्हणून भागणार नाही. तेथे कोर्टे होती, हायकोर्ट होते. १९२१ साली न्यायखाते कारभारापासून वेगळे केले गेले. इंग्रजी मुलुखात ही मागणी तेव्हा ठरावांतच घोळत होती. पण त्याच दशकात राजकीय सभांना सरकारी परवानगी सक्तीची झाली. ‘गश्ती निशाण ५३’ हे त्या हुकमाचे नाव जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असे. बांधाचा तंटा घेऊन नांदेडकडचा कुणबी कोर्टाची पायरी चढू शकत होता (तेथील उर्दू त्याला उमजत नसे, तो भाग निराळा). पण राज्यकारभाराविषयी सभेत बोलावयाचे तर आधी सरकारचा कागद हवा. १९३८ साली स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली! फिर्याद जरूर करा, फक्त ती सरकारविरुद्ध नसावी, अशी ही न्यायाची तऱ्हा. अशा राज्यात कायदा म्हणजे वरून आलेला हुकूम, एवढीच समजूत एखाद्या वकिलाची झाली तर नवल नाही. १९४६ साली बिलोलीच्या गोविंदराव पानसऱ्यांचा खून झाला. पुढच्या दोन वर्षांतील रझाकारांची कृत्ये या भागात घरोघर ठाऊक आहेत.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि रझवी पकडला गेला. बीबीनगरच्या दरोडा व दंगा प्रकरणी खास न्यायमंडळापुढे खटला चालून त्याला सात वर्षांची सजा झाली. दरम्यान राज्यघटना अमलात आली होती. रझवीने तिचेच कलम १४ हाती धरले आणि सुप्रीम कोर्टात विचारले, इतर आरोपींना मिळणारी नेहमीची कार्यपद्धती मला का नाही? १९५३ साली अपील फेटाळले गेले. तरी निकाल एकमताचा नव्हता. भिन्न मतही नोंदले गेले. ज्याने इतरांची समता नाकारली, त्याच्या समतेची चर्चा देशाच्या सर्वोच्च कोर्टाने गंभीरपणे केली. काहींना याचा राग येतो. आम्हांला अभिमान वाटतो. १९५७ साली तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

आता दुसरी बाजू. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील मुसलमानांवर जे गुदरले, त्याची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती आली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले, असे तिने लिहिले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार समितीला दिसले. हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले. संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांच्या हाती तो पडावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

रझवीला कलम १४ मिळाले. त्याच्याच गावच्या विडीवाल्याला, हमालाला, विधवेला मात्र आपल्यावर काय गुदरले याचा सरकारी कागदसुद्धा पाहावयास मिळाला नाही. रझाकारांचा सूड म्हणून ही गोष्ट झाकून नेणारे आजही भेटतात. सूड तरी कोणावर? रझवी तुरुंगात जिवंत होता.

त्याच अहवालात एक नोंद आहे, ती आम्ही कामगारांच्या बैठकीत नेहमी सांगतो. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना हिंदू जमावांपासून वाचविले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले. नांदेड-लातूरकडच्या ज्या घरांत अशा माणसांची नावे अजून कोणाच्या आठवणीत असतील, तेथे जाऊन ती लिहून घेतली पाहिजेत. ती सांगणारी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.