चित्रपुस्तके व बालकांचे नीतिशिक्षण

चित्रपुस्तके व बालकांचे नीतिशिक्षण : चित्रे व मोजका मजकूर ह्यांच्या द्वारे लहान मुलांना सदाचार, सहजीवन व व्यवहार ह्यांची ओळख करून देण्याची पद्धती. मोठ्यांनी वाचून दाखवावयाचे आणि मुलाने चित्रे पाहत ऐकावयाचे, असे तिचे सर्वसामान्य स्वरूप असते.

चेक शिक्षणतज्ञ योहान आमोस कोमेनिअस (१५९२–१६७०) ह्याचे ऑर्बिस सेन्सुआलिउम पिक्टुस हे न्यूरेंबर्ग येथे १६५८ मध्ये लॅटिन व जर्मन भाषांत प्रसिद्ध झालेले पुस्तक ह्या परंपरेच्या आरंभी येते. निसर्ग व व्यवसाय ह्यांबरोबरच विवेक, धैर्य, न्याय इ. सद्‌गुणांवरही त्यात सचित्र पाठ होते. जॉन लॉकने सम थॉट्स कन्सर्निंग एज्युकेशन (१६९३) ह्या ग्रंथात मुलांना सचित्र इसापनीती द्यावी, असे सुचविले. झां झाक रूसोने मात्र एमिलमध्ये (१७६२) बोधकथांना विरोध केला. कावळा व कोल्हा ह्यांच्या कथेत मूल फसलेल्या कावळ्यापासून धडा घेत नाही, तर फसविणाऱ्या कोल्ह्याचा पक्ष घेते, असा त्याचा आक्षेप होता. मोठ्यांना अभिप्रेत असलेले तात्पर्य मुलापर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न तेव्हापासून ह्या विषयाच्या केंद्रस्थानी राहिला आहे.

फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइन्रिख होफमान ह्याने स्वतःच्या लहान मुलासाठी रचलेल्या श्ट्रूव्हेलपेटरमध्ये (१८४५) काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते व अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कापून टाकतो. भीतीवर आधारलेली ही शिकवण विसाव्या शतकात मागे पडत गेली. मॉरिस सेंडाकच्या व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर (१९६३) ह्या पुस्तकातील रागावलेला मुलगा कल्पनेच्या प्रदेशात भटकून आपण होऊनच घरी परततो. तेथे त्याचे गरम जेवण तयार असते.

चित्रांच्या प्रभावाचा दुरुपयोगही झाला. कोमेनिअसचे पुस्तक ज्या न्यूरेंबर्गमध्ये निघाले, तेथेच १९३८ मध्ये यूलिउस श्ट्रायखरच्या प्रकाशनसंस्थेने डेअर गिफ्टपिल्त्स हे मुलांना ज्यूद्वेष शिकविणारे चित्रपुस्तक काढले.

भारतात १९५७ मध्ये व्यंगचित्रकार शंकर ह्यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना केली. मराठीत माधुरी पुरंदरे ह्यांनी राधाचं घरसारख्या पुस्तकांतून उपदेश टाळून घरातील माणसे व त्यांचे परस्परसंबंध चित्रित केले. साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, ३ ते ७ वर्षे वयाच्या मुलांवरील प्रयोगांत, खोटे बोलण्याचे दुष्परिणाम सांगणाऱ्या लांडग्याच्या व पिनोकिओच्या कथांनी मुलांचा खरेपणा वाढला नाही. खरे बोलल्याबद्दल कौतुक झालेल्या वॉशिंग्टनच्या कथेने तो वाढला. टोरांटो येथील दुसऱ्या एका प्रयोगात (२०१७) वाटून घेण्याची कथा माणसांच्या चित्रांसह ऐकलेली मुले अधिक उदार झाली. तीच कथा प्राण्यांच्या चित्रांसह ऐकलेल्यांत अशी वाढ आढळली नाही. पंचतंत्र व इसापनीती ह्यांवर वाढलेल्या समाजाने ह्या निष्कर्षांची दखल घेणे उचित ठरेल. प्राणिकथांचे वाङ्‌मयीन मूल्य त्यामुळे कमी होत नाही. तथापि कथेतील प्रसंगाचा मुलाच्या जीवनाशी असलेला संबंध वाचून दाखविणाऱ्याने संभाषणातून उलगडून दाखविणे आवश्यक ठरते.