किल्लीला न ओळखणारी मोटार

नळदुर्गचा किल्ला पाहावा तो श्रावण-भाद्रपदात. नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन भागांना जोडणारा बंधारा बोरी नदीवर आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, हे काम झाले. नदीला पाणी असले की ते बंधाऱ्यावरून दोन धारांनी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात.

पंधराएक वर्षांपूर्वी आम्ही चौघे संशोधक विद्यार्थी सोलापूरहून एका मित्राच्या जुन्या, दुसऱ्या हाताने घेतलेल्या मोटारीतून हे पाहायला गेलो. पाणीमहालाच्या सज्जातून वाकून पाहताना मित्राच्या सदऱ्याच्या खिशातील किल्ली निसटली आणि बोरीच्या पाण्यात गेली. आम्ही घाबरलो नाही, कारण दुसरी किल्ली पिशवीत होती. ती सोलापुरात रस्त्यावरच्या किल्लीवाल्याकडून कानशीने घासून आणलेली होती. तिने दार उघडले. स्टार्टर फिरला, इंजिन धडधडले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा तेच आणि पुन्हा तेच. डॅशबोर्डवर एक लाल दिवा भरभर उघडमीट करीत होता, त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. अर्ध्या तासात आम्ही बॅटरी पार संपवली. गावातून मिस्त्री आणला. त्याने दुसरी बॅटरी जोडली, एकदा स्टार्टर मारून ऐकले आणि म्हणाला, "सर, इंजिन चांगलं हाय. ते तुमच्या किल्लीला वळखत नाही." एवढ्यात रेडिओच्या पट्टीवर अक्षरे उमटली: सांकेतिक क्रमांक भरा. तो क्रमांक गाडीच्या पहिल्या मालकाबरोबर गेला होता.

मिस्त्रीच्या त्या एका वाक्यात मोटारीच्या कुलपाचा सारा इतिहास आहे. कुलूप उघडण्याचे गुपित कोठे ठेवायचे, हा प्रश्न गेली शंभर वर्षे मोटार बनवणारे पुन्हा पुन्हा सोडवीत आले आहेत आणि दर वेळी ते गुपित नव्या जागी हलले आहे.

डॅशबोर्ड हा शब्द घोडागाडीतला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानाच्या पुढ्यात लावलेली ती फळी. मोटारीत चिखल उडवणारा घोडा गेला, फळी राहिली आणि तिच्यावर हळूहळू बटणे व तबकड्या आल्या. सुरुवातीला इंजिन पुढच्या बाजूने हँडल मारून चालू करीत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाडीत आला. तरीही बरीच वर्षे प्रज्वलनाची किल्ली वेगळी आणि स्टार्टरचे बटण वेगळे असे. एकाच किल्लीने दोन्ही कामे करण्याची सोय क्रायस्लर कंपनीने १९४९ मध्ये आणली.

किल्ली फिरवताना जे चार टप्पे लागतात, ते वर्गात जरूर सांगावेत. पहिल्या टप्प्यात सारे बंद. दुसऱ्यात फक्त रेडिओसारख्या उपकरणांना वीज मिळते, इंजिनाला नाही. तिसऱ्यात इंजिनाचे मंडल चालू होते. चौथ्यात स्टार्टर फिरतो आणि त्या क्षणी रेडिओ गप्प होतो. स्टार्टरला शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो, म्हणून बाकीची उपकरणे तेवढ्यापुरती तोडलेली असतात. रेडिओला मात्र आणखी एक तार थेट बॅटरीकडून येते. तिचे काम घड्याळ आणि निवडलेली केंद्रे लक्षात ठेवण्याचे. बॅटरी संपली की ही तारही मरते. आमचा रेडिओ क्रमांक मागू लागला तो याच तारेमुळे.

आता धातूच्या किल्लीकडे. मोटारीच्या कुलपात लहान लहान पितळी पत्र्या असतात आणि किल्लीच्या प्रत्येक खाचेची उंची एकेका पत्रीला नेमकी उचलते. पत्र्या सहा आणि उंचीचे प्रकार चार धरले तर ४ गुणिले ४ असे सहा वेळा, म्हणजे ४,०९६ किल्ल्या होतात. प्रत्यक्षात कमी, कारण काही आकार फार कमकुवत निघतात. रस्त्यावर लाखो गाड्या असताना एकाची किल्ली दुसऱ्याच्या गाडीला लागणे हा चमत्कार नव्हता, ते संभाव्यतेचे साधे गणित होते. शिवाय कुलूप झिजते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी ज्यांनी वापरल्या, त्यांना जुनी गाडी भलत्याच किल्लीने उघडल्याच्या गोष्टी माहीत असतील. पण त्या कुलपाचा एक गुण होता. गुपित धातूच्या आकारात, मालकाच्या खिशात असे. किल्ली हरवली तर कोपऱ्यावरचा किल्लीवाला पाव तासात नवी करून देई.

पश्चिम जर्मनीने १९६१च्या सुमारास नव्या गाड्यांना सुकाणू जखडणारे कुलूप सक्तीचे केले आणि १९६३ मध्ये ते जुन्या गाड्यांनाही लावायला लावले. चोऱ्या घटल्या. ब्रिटनमध्ये हीच सक्ती १९७१ पासून झाली, पण फक्त नव्या गाड्यांना. तेथे चोर जुन्या गाड्यांकडे वळले आणि एकूण चोऱ्यांत फारसा फरक पडला नाही. पॅट्रिशिया मेह्यू आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेच कुलूप, तोच उपाय, तरीही फळ वेगळे. प्रयोगात नियंत्रित गट का लागतो हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

रेडिओची कथा थोडी वेगळी आहे. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० मध्ये मोटोरोला नावाचा मोटारीचा रेडिओ विकायला काढला. युरोपात ब्लाउपुंक्टचा पहिला संच १९३२ चा. हे संच निर्वात नळ्यांचे. नळ्यांना शेकड्यांच्या घरात व्होल्ट लागत, बॅटरी मात्र सहा व्होल्टची. म्हणून कंप पावणाऱ्या एका पट्टीने प्रवाह तोडून-जोडून तो रोहित्रात सोडत आणि दाब वाढवून घेत. नळदुर्ग तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबादहून डेक्कन रेडिओ १९३५ पासून बोलत होता. एखाद्या जहागीरदाराच्या गाडीत असा संच असता, तर तो चोरायला दोन माणसे आणि हातोडी लागली असती. १९५५ मध्ये क्रायस्लरच्या गाडीत पूर्णपणे ट्रान्झिस्टरचा रेडिओ आला आणि संच हलका झाला.

मग १९८०च्या दशकात एक चांगली गोष्ट झाली, तिनेच घोटाळा केला. जर्मन मानकाप्रमाणे डॅशबोर्डमधील रेडिओच्या खाचेचे माप ठरले: रुंदी सुमारे १८० मिलिमीटर, उंची सुमारे ५०. कोणताही रेडिओ कोणत्याही गाडीत बसू लागला, म्हणजे चोरीचाही बसू लागला. काच फोडून रेडिओ ओढून नेणे हा जगभर धंदा झाला. मग संच बाहेर काढून हातात घेऊन फिरण्याची पद्धत आली, पुढे फक्त त्याची पुढची पट्टी खिशात घालण्याची. हॉटेलात चहाच्या कपाशेजारी रेडिओची पट्टी ठेवून बसलेले लोक काहींना आठवत असतील.

त्यावरचा तिसरा उपाय म्हणजे सांकेतिक क्रमांक. संचातील एका स्मृतिचिपमध्ये चार अंकी क्रमांक कायमचा लिहिलेला असतो आणि तो वीज गेली तरी पुसत नाही. बॅटरीची तार तुटून पुन्हा जोडली गेली की संच क्रमांक विचारतो. चार अंकांचे १०,००० क्रमांक होतात. प्रत्येकाला दहा सेकंद लागले तर सगळे तपासायला अठ्ठावीस तास लागतील, म्हणजे चिकाटीच्या चोराला जमण्यासारखे. पण तीन चुकांनंतर संच एक तास रुसून बसला, तर तेच काम सुमारे १४० दिवसांचे होते. क्रमांक तेवढाच, फक्त मध्ये वेळ घातला. पुढे रेडिओ पडद्यासह डॅशबोर्डचाच भाग झाला, उपटून विकण्याजोगा राहिला नाही आणि तो धंदा बव्हंशी बसला.

किल्लीत वीज शिरली ती १९८६ मध्ये. त्या वर्षीच्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत जनरल मोटर्सने एक छोटा रोध बसवला. पंधरा ठरावीक मूल्ये होती, ४०२ ओहमपासून ११,८०० ओहमपर्यंत. कुलपातील दोन स्पर्शकांमधून गाडी तो रोध मोजत असे आणि चुकीचा निघाला तर काही मिनिटे स्टार्टरच तोडून ठेवीत असे. हा प्रयोग शाळेत करता येतो. एक घट, एक ठरावीक रोध, त्याच्याशी एकसरीत वेगवेगळे "किल्ली-रोध" आणि एक व्होल्टमापी घ्या. व्होल्टमापीचा काटा पाहून कोणती किल्ली लावली ते मुलांना ओळखू द्या. मग विचारा, तुमच्याजवळ मल्टिमीटर असता तर या गाडीची किल्ली किती वेळात केली असती? वर्गातले एक तरी पोर चोराच्या बाजूने विचार करू लागते आणि खरे शिक्षण तेथे सुरू होते.

यापुढची पायरी म्हणजे आमच्या मित्राची पाण्यात पडलेली किल्ली. तिच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक चिप आणि तारेचे एक वेटोळे होते, घट नव्हता. कुलपाभोवती दुसरे वेटोळे असते. त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह जातो आणि फॅरेडेच्या प्रवर्तनाने किल्लीतील वेटोळ्यात वीज निर्माण होते. तेवढ्यावर चिप जागी होऊन उत्तर देते. उत्तर पटले नाही तर गाडीतील संगणक इंधन किंवा ठिणगी तोडतो. किल्लीवाल्याच्या किल्लीला खाचा बरोबर होत्या, डोके रिकामे होते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली.

सुरुवातीच्या चिपा एकच ठरावीक क्रमांक सांगत आणि तो ऐकून कोणालाही नक्कल करता येई. म्हणून नंतर गाडी दर वेळी नवी संख्या विचारू लागली. चिप आपल्या गुप्त चावीने त्या संख्येवर गणित करून उत्तर देते, गुपित स्वतः कधीच बोलत नाही. पण गणिताची रीत कंपन्यांनी झाकून ठेवली. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते, की सांकेतिक पद्धतीची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त चावीत असावे. नळदुर्गचा दरवाजा कोठे आहे हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते, म्हणून किल्ला दुबळा ठरला नाही.

२००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतील संशोधकांनी लक्षावधी किल्ल्यांत असलेल्या एका चिपची झाकलेली रीत बाहेरून प्रश्न विचारून ओळखली. तिची चावी ४० बिटांची होती, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटते. त्यांनी समांतर चालणाऱ्या सोळा चिपा लावून तासाभरात चावी शोधली. २०१३ मध्ये रोएल व्हर्दुल्त, फ्लाव्हिओ गार्सिया आणि बारिश एगे यांनी अशाच दुसऱ्या चिपमधील दोष दाखवणारा निबंध लिहिला, तर इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्याच्या प्रसिद्धीला मनाई केली. २०१५ मध्ये तो छापला गेला, एक वाक्य वगळून. दरम्यान रस्त्यावरच्या गाड्यांत तोच दोष घेऊन लोक फिरत होते. मनाईमुळे चोर अडले की मालक अंधारात राहिले, याचे उत्तर आम्ही दुसरे देऊ.

खिशातच राहणाऱ्या, बटण दाबून गाडी चालू करणाऱ्या किल्ल्या आल्या तेव्हा गणित भक्कम झाले होते. २०११ मध्ये झुरिकच्या फ्रांसियों, दानेव आणि चापकुन यांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या आणि सर्व उघडल्या, एकही चावी न शोधता. एक पेटी गाडीजवळ, दुसरी घरातल्या किल्लीजवळ. दोघींनी संदेश जसेच्या तसे पोचवले आणि गाडीला वाटले की मालक शेजारीच उभा आहे. उपाय भौतिकशास्त्रातच आहे. प्रकाशाप्रमाणे रेडिओतरंगही एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. किल्ली २० मीटर दूर असेल तर जाण्यायेण्याला सुमारे १३३ नॅनोसेकंद लागणारच, कोणतीही पेटी तो वेळ कमी करू शकत नाही. हा वेळ मोजणाऱ्या किल्ल्या अलीकडच्या काही गाड्यांत आल्या आहेत.

एवढे सगळे झाले तरी एक प्रश्न आम्हाला सतावतो. पद्मिनीचे गुपित मालकाच्या खिशात होते. आजच्या गाडीची नवी किल्ली करायची तर कंपनीच्या संगणकाची परवानगी लागते आणि किल्लीचा खर्च गरीब मालकाच्या जिवावर येतो. गाडी चोरापासून राखताना ती थोडी मालकापासूनही राखली गेली. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच आधी दोन्ही मूळ किल्ल्या आणि रेडिओच्या क्रमांकाचे कार्ड मागून घ्यावे, इंजिन नंतर पाहावे.

आमच्या मित्राची दुसरी मूळ किल्ली घरी होती. त्याच्या भावाने ती सोलापूरहून एसटीने आणून दिली. तोवर आम्ही बंधाऱ्यावर बसून राहिलो. ठगांवरची कादंबरी लिहिणारे कर्नल मेडोज टेलर १८५३ नंतर काही वर्षे याच किल्ल्यात राहत होते, हे कोणीतरी सांगितले. अंधार पडता पडता गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. रेडिओ मात्र गाडी विकेपर्यंत क्रमांकच विचारत राहिला.