क्वाय नदीच्या पुलावर न दिसलेली माणसं

ज्यूंच्या छळछावण्या सैनिकांच्या नजरेला पडतात, तो क्षण युद्धपट कसा दाखवतात, हे आज पाहू. आणि त्यासाठी शेवटी तंजावरकडे जाऊ.

'बँड ऑफ ब्रदर्स' (2001) या मालिकेचा नववा भाग घ्या. अमेरिकी सैनिकांना बव्हेरियाच्या जंगलात छावणी सापडते. आत नुसते हाडांचे सापळे उरलेली माणसं. सैनिक पाव वाटू लागतात, तोच डॉक्टर सांगतो, थांबा, एकदम खाल्लं तर मरतील. वर त्यांना पुन्हा आतच ठेवायचं. हे त्यांना सांगण्याचं काम जर्मन येणाऱ्या लीबगॉटवर येतं, आणि तो कोसळतो. आपण सगळं पाहतो ते अशा सैनिकांच्या डोळ्यांनी. सैनिक पोचतो तिथे कॅमेरा पोचतो.

पण सैनिक पोचला आणि कॅमेरा मागेच राहिला तर?

नागपट्टिणम हे तेव्हा तंजावर जिल्ह्यातलं बंदर. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले शेतमजूर कंगाणी, म्हणजे मुकादम, याच्यामार्फत इथून बोटीने मलायातल्या रबराच्या मळ्यांवर जात. 1942 मध्ये मलाया जपानच्या हाती गेला. मग मळ्यांवरच्या तमिळ मजुरांना, कुणाला फसवून, कुणाला पकडून, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेलं. 415 किलोमीटरचा हा मार्ग ऑक्टोबर 1943 मध्ये जोडला गेला. 60,000च्या वर युद्धकैद्यांपैकी 12,000हून अधिक मेले. तमिळ, ब्रह्मी, मलाय, जावाचे असे मजूर मेले ते अंदाजे 80,000 ते 1,00,000. कैद्यांबरोबर त्यांचे अधिकारी होते, डॉक्टर होते. मजुरांजवळ यातलं जवळपास काहीच नव्हतं, आणि त्यात पटकी आली.

1943 मध्ये जपान्यांनी चांगीच्या कैद्यांमधून 'के फोर्स' आणि 'एल फोर्स' ही वैद्यकीय पथकं मजुरांच्या छावण्यांत पाठवली. म्हणजे प्रसंग तोच: सैनिक आत शिरतो, समोर मरणारी माणसं, औषधं तुटपुंजी. फक्त हा सैनिक कुणाला सोडवू शकत नाही, कारण तोही कैदीच. माझ्या मते लीबगॉटच्या प्रसंगाहून यात नाट्य कमी नाही.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'ला (1957) सात ऑस्कर मिळाली. चित्रपट मोठाच आहे, पण गोष्ट ब्रिटिश कर्नलच्या हट्टाची. तमिळ मजूर त्यात नाहीत. गंमत म्हणजे चित्रीकरण झालं सिलोनमध्ये, तंजावरच्या किनाऱ्यापासून समुद्रापलीकडे! 'द रेल्वे मॅन'चा (2013) नायकही ब्रिटिश युद्धकैदीच.

आपण मराठी माणसं तंजावरला सरस्वती महाल आणि भोसल्यांचा शिलालेख पाहून परततो. पुढच्या वेळी पूर्वेला नागपट्टिणमपर्यंत जा. मजुरांच्या बोटी तिथून सुटत.