मातीवाचून शेती

गच्चीवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात मातीशिवाय भाजी पिकवण्याचे संच आता बाजारात सहज मिळतात. पंप, नळ्या, दिवे, बाटल्यांतली द्रावणे असा त्यांचा थाट असतो आणि जाहिरातीत भरघोस उत्पन्नाचे आश्वासन असते. यांतला कोणता घ्यावा, की घरीच काही जुळवावे, असा प्रश्न शिक्षकांना पडतो. त्याचे उत्तर शोधताना थोडे मागे जाणे सोयीचे ठरेल. कारण हे तंत्र मुळात शेतीसाठी जन्मलेच नाही. वनस्पती खाते तरी काय, या कोड्याचा छडा लावण्यासाठी ते जन्माला आले.

व्हॅन हेल्मॉन्ट या फ्लेमिश वैद्याचा प्रयोग पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाचा आहे. भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती, ५ पौंडांचे विलोचे रोप आणि पाणी. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती घटली ती अवघी दोन औंस. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द विज्ञानाला देणारा माणूस हाच. कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचे वर्णनही त्याने केले होते. पण झाडाच्या हिशेबात हवा धरण्याचे त्याला सुचले नाही. आणि ते दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले.

त्या किरकोळ रकमेकडे लक्ष दिले ते इंग्लंडच्या जॉन वुडवर्डने. १६९९ साली त्याने रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात पुदिन्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वजन केलेली पुदिन्याची रोपे त्याने वेगवेगळ्या पाण्याच्या बाटल्यांत वाढवली. पहिल्या वर्षी झऱ्याच्या पाण्यातल्या रोपाचे वजन १५ ग्रेन वाढले, पावसाच्या पाण्यातल्याचे साडेसतरा आणि गढूळ थेम्स नदीच्या पाण्यातल्याचे २६ ग्रेन. (ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) पुढच्या वर्षी त्याने पाण्यात बागेतली माती कालवून पाहिली, तेव्हा वाढ आणखी झाली. पाणीच जर झाडाचे शरीर होत असेल, तर पाणी अधिक ‘घाण’ झाल्याने वाढ का व्हावी? पाणी हा वाहक आहे, अन्न त्यात विरघळलेल्या पदार्थात आहे, असे वुडवर्डने म्हटले. त्याच्याही हिशेबात हवा नव्हतीच. तरीही आमच्या मते हा प्रयोग हेल्मॉन्टच्या प्रयोगापेक्षा सरस आहे, कारण त्यात तुलना आहे. वर्गात मात्र विलोचेच झाड सांगितले जाते.

विरघळलेले पदार्थ म्हणजे नेमके काय, हे कळायला रसायनशास्त्र वयात यावे लागले. १८०४ साली स्वित्झर्लंडच्या दे सोस्यूरने झाडातील कार्बन हवेतून येतो, पण राखेतील खनिजे मुळांवाटे येतात, हे मोजमापांनी दाखवले. मग १८६०च्या सुमारास जर्मनीत युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी निर्णायक पाऊल टाकले. माती पूर्णपणे बाजूला ठेवून, पाण्यात मोजके क्षार विरघळवून त्यांनी रोपे वाढवली. क्नॉपच्या द्रावणात कॅल्शियम नायट्रेट चार भाग आणि पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी एक भाग असे, शिवाय किंचित लोह. एवढ्या सामग्रीवर रोप नीट वाढले. बरणी हे आता प्रश्न विचारण्याचे यंत्र झाले: एक क्षार वगळा आणि काय बिघडते ते पाहा.

पण या यंत्रात एक खोट होती. तेव्हाचे क्षार पुरेसे शुद्ध नव्हते. त्यांच्यासोबत न मागता बोरॉन, जस्त, तांबे रोपाला मिळत होते. काही काचेच्या भांड्यांतूनही बोरॉन झिरपते. म्हणजे यादीत नसलेले जेवण बरणीच वाढत होती! क्षारांचे शुद्धीकरण सुधारले तशी रोपे आजारी पडू लागली आणि त्या आजारांतून नवी मूलद्रव्ये उघडकीस आली. १९२३ साली रोदॅमस्टेडच्या संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी ब्रॉड बीन या कडधान्याला बोरॉन अत्यावश्यक असल्याचे दाखवले. १९३९ साली अर्नॉन व स्टाउट यांनी टोमॅटोसाठी मॉलिब्डेनमची गरज सिद्ध केली. ती एका लिटरला मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतकी अल्प होती. निकेलचे स्थान तर १९८७ साली नक्की झाले.

या सर्व काळात पाण्यातील रोप प्रयोगशाळेबाहेर फारसे पडले नव्हते. ते बाहेर आणले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी. १९२९ साली त्यांनी हे पीक घेण्याचे साधन होऊ शकते असे मांडले, २५ फूट उंचीच्या टोमॅटोच्या वेली वाढवून दाखवल्या, आणि १९३७ साली ‘हायड्रोपोनिक्स’ हे ग्रीक शब्दांपासून घडवलेले नाव रूढ केले. वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलली. आता शेतजमीन कालबाह्य होणार, इथपर्यंत मजल गेली. द्रावणाच्या कृतीवरून गेरिके आणि विद्यापीठ यांचे बिनसले. काम आपण आपल्या वेळात केले आहे, असे गेरिके यांचे म्हणणे होते. अखेर त्यांनी विद्यापीठ सोडले.

विद्यापीठाने मग डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नॉन यांच्याकडे या दाव्यांची तपासणी सोपवली. त्यांची पुस्तिका १९३८ साली निघाली. उत्तम माती आणि उत्तम द्रावण यांना सारखाच प्रकाश व सारखीच निगा दिली, तर उत्पन्नात विशेष फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. पाण्यात जादू नाही. वाढीला मर्यादा घालतो तो प्रकाश. जाहिरात वाचताना हा निष्कर्ष हाताशी असावा. अंधाऱ्या खोलीतल्या महागड्या संचापेक्षा उन्हातली साधी बादली चांगले पीक देईल.

माती जिथे नाहीच, तिथे मात्र या तंत्राचे मोल वेगळे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैन्याने असेन्शन या खडकाळ बेटावर अशा रीतीने भाजी पिकवली. भारतात १९४६ साली जेम्स शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात, कालिम्पाँग येथे, सामान्य माणसाला परवडेल अशी पद्धत बसवायला घेतली. पंप नाही, टाक्या नाहीत. उथळ हौदात खडी व वाळू यांचे मिश्रण, वर मोजून भुरभुरवलेले कोरडे क्षार आणि झारीने पाणी. ही ‘बंगाल पद्धत’ त्यांनी १९५१ साली पुस्तकरूपाने मांडली. आपल्याकडच्या संचविक्रेत्यांना तिचे स्मरण नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आता निवडीकडे वळू. नळीतून द्रावणाचा पातळ थर सतत वाहता ठेवण्याची पद्धत अ‍ॅलन कूपर यांनी इंग्लंडमध्ये विकसित केली. ती कार्यक्षम आहे, पण मुळांपाशी साठा नसल्याने वीज गेली की उन्हाळ्यात काही तासांत रोपे माना टाकतात. शाळेसाठी हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅट्की यांची स्थिर पाण्याची पद्धत आम्हाला योग्य वाटते. चार-पाच लिटरची झाकणाची बादली घ्यावी. तिच्यातून उजेड जाऊ नये, नाहीतर शेवाळ माजते. झाकणाच्या भोकात जाळीची वाटी बसवून नारळाच्या काथ्यात रोप लावावे आणि मुळांची टोके बुडतील इतके द्रावण भरावे. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि उघडी पडलेली वरची मुळे हवेतून ऑक्सिजन घेऊ लागतात. म्हणूनच बादली पुन्हा काठोकाठ भरू नये. ती हवेतली मुळे बुडून गुदमरतात. पालक, लेट्यूस किंवा वुडवर्डचाच पुदिना याला ठीक. टोमॅटोला इतके पाणी पुरत नाही.

द्रावणासाठी कृषी सेवा केंद्रातले १९:१९:१९ हे विद्राव्य खत सर्रास वापरले जाते. त्यात कॅल्शियम नाही, आणि बरेचसे नत्र युरियाच्या रूपात असते. मातीत जिवाणू युरियाचे रूपांतर करतात. बादलीत ते काम जेमतेम होते. त्यापेक्षा क्नॉपचे प्रमाण बरे: लिटरला कॅल्शियम नायट्रेट ०.८ ग्रॅम व बाकीचे तीन क्षार प्रत्येकी ०.२ ग्रॅम, सोबत चिलेटेड लोह व सूक्ष्म मूलद्रव्यांचे तयार मिश्रण अत्यल्प. दाट द्रावणे करून ठेवायची असतील तर कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बाटलीत ठेवावे, कारण सल्फेट व फॉस्फेटशी गाठ पडली की साका बसतो. सामू ५.५ ते ६.५ असावा. बोअरचे जड पाणी तो वर चढवते. पावसाचे पाणी साठवलेले असल्यास उत्तम.

वर्गात एका बादलीत लोह वगळावे, दुसरीत मॅग्नेशियम सल्फेटऐवजी पोटॅशियम सल्फेट घालावे, तिसरी पूर्ण द्रावणाची ठेवावी. मॅग्नेशियम जुन्या पानांतून नव्याकडे हलवता येते, लोह सहसा हलत नाही. त्यामुळे पिवळेपणा एका रोपात खालच्या पानांपासून सुरू होतो आणि दुसऱ्यात शेंड्यापासून. विद्यार्थ्यांना नोंदी करायला सांगताना वरची व खालची पाने वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला सांगावीत.